घाटातली रेल्वे आणि जुन्नरचा न झालेला मार्ग

रेल्वेच्या निसर्गरम्य मार्गांवर व्याख्यान द्यायचं आणि तेही जुन्नरमध्ये, हे ऐकून माझी पत्नी हसली. जुन्नर तालुक्यात रुळाचा एक तुकडा नाही. शेजारच्या आमच्या आंबेगावातही नाही. ज्यांच्या घरासमोरून गाडी जाते त्यांना गाडीचं काय कौतुक असणार? कौतुक आपल्यासारख्यांना. मी घोडेगावचा. लहानपणी आमच्याकडे 'गाडी' म्हणजे एस.टी., आणि 'आगगाडी' म्हणजे पुण्याला गेल्यावर बघायची गोष्ट. पुढे नोकरीमुळे पुणे-मुंबई खेपा इतक्या झाल्या की भोर घाटातले बोगदे झोपेतही कळायचे.

आज दोन प्रश्न घेतो. घाटातले रेल्वेमार्ग इतके देखणे का असतात, हा पहिला. आणि असा मार्ग आपल्या वाट्याला का आला नाही, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच आहे असं माझं मत आहे, आणि ते सौंदर्यशास्त्रातून सुरू होत नाही, लोखंडाच्या चाकापासून सुरू होतं.

रेल्वेचं चाक पोलादी आणि रूळही पोलादी. दोन्ही गुळगुळीत, म्हणून घर्षण फार कमी. सपाटीवर ही मोठीच सोय: थोड्या ताकदीत शेकडो टन ओढता येतात. पण चढ आला की हाच गुण अंगाशी येतो. चाकाला पकड मिळत नाही, ते जागच्या जागी फिरू लागतं. बैल खूर रोवतो, माणूस काठी टेकतो, ट्रकचं रबरी टायर डांबर धरून ठेवतं. गाडीला यातलं काही जमत नाही. भोर घाटातला सर्वांत कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. आपल्याला पायी चालताना हा चढ धड जाणवणारही नाही. रेल्वेच्या हिशोबात तो भयंकर चढ आहे.

आता आपला सह्याद्री बघा. लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्याच्या कडा झिजून पायऱ्या झाल्या. भूगोलाच्या पुस्तकात 'दख्खन ट्रॅप' वाचलं असेल, त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलेला आहे. हा जिना असा की पायरीचा माथा सपाट आणि पुढची बाजू उभी. जिना चढता येत नाही असं वाहन या जिन्यावरून न्यायचं, ही घाटातल्या रेल्वेची अडचण आहे.

नाणेघाट तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. वरचा तो दगडी रांजण, जकातीचा म्हणून दाखवतात तो. लेण्यातला नागनिका राणीचा ब्राह्मी लेख, त्यातले आकडे. दोन हजार वर्षं कल्याण-सोपाऱ्याकडचा माल त्या खिंडीतून जुन्नरला आला. का आला? कारण माणसाला आणि लमाणाच्या बैलाला पायऱ्या चालतात. पायऱ्या असल्या की वाट आखूड होते. नाणेघाट डोंगराला सरळ भिडतो. रेल्वेला भिडणं परवडत नाही. ती डोंगराच्या कुशीतून वळसे घेत, प्रत्येक घळीत शिरत, प्रत्येक सोंडेला बगल देत, जमेल तितकी वाट लांबवत जाते. जिथे बगल देता येत नाही तिथे बोगदा, जिथे घळ आडवी येते तिथे पूल. म्हणून तिच्या खिडकीतून तीच दरी तीनदा दिसते, तीन उंचींवरून. हे तुम्हाला दाखवावं म्हणून कुणी आखलेलं नाही. गाडीच्या दुबळेपणातून आपोआप झालेलं आहे. देखणे मार्ग म्हणून आपण ज्यांची नावं घेतो, ते सगळे असे नमतं घेतलेले मार्ग आहेत.

माझा सगळ्यांत आवडता भोर घाटच, कर्जत ते लोणावळा. पळसधरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा. ही नावंसुद्धा मला पाठ केलेल्या श्लोकासारखी वाटतात. हा घाट २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाला. त्याआधी पाच वर्षं गंमत होती: वर पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत गाडी धावत होती, खाली खोपोलीपर्यंत धावत होती, आणि मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून, नाहीतर पायी चढत. जुना मार्ग सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढायचा. एका जागी डोंगराची सोंड इतकी चिंचोळी की वळायलाच जागा नाही. तिथे त्यांनी 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलं. गाडी सोंडेच्या टोकापर्यंत जायची, थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. वळता येत नाही ना, मग पाठ फिरव! १९२९ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी नवा मार्ग आखला तेव्हा हे स्टेशन बंद झालं. लगेच पुढच्या वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली.

आजही कर्जतला गाडी थांबते ती वडे खाण्यासाठी, असं लहान मुलांना वाटतं. मोठ्यांपैकीही पुष्कळांना वाटतं. खरं कारण, मागे ढकलणारी जादा इंजिनं जोडायची असतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. वडे त्या थांब्यामुळे आले, थांबा वड्यांमुळे नाही. कार्यकारणभाव शिकवताना हे उदाहरण मी वर्गात वर्षानुवर्षं वापरलं.

उतरताना प्रश्न उलटा: थांबायचं कसं? त्यासाठी घाटात एक सुंदर युक्ती आहे. उताराच्या वाटेत ठरावीक जागी मुख्य मार्गातून एक रूळ फुटतो आणि डोंगराकडे वर चढून संपतो. त्याला 'कॅच सायडिंग' म्हणतात. सांधा नेहमी त्या चढाच्या रुळाकडे लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीनं आधी थांबायचं, आपण ताब्यात आहोत हे दाखवायचं, मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. ब्रेक निकामी झालेली गाडी थांबणारच नाही, ती आपसूक चढावर जाईल आणि तिथे तिचा जोर संपेल. म्हणजे इथे गाडी निर्दोष आहे असं धरून कुणी चालत नाही. बिघडलीच आहे असं धरायचं आणि तिनं ते खोडून काढायचं. न्यायशास्त्राच्या अगदी विरुद्ध. पण घाटात हाच नियम शहाणपणाचा. पुढच्या वेळी उतरताना गाडी आडरानात उगाच थांबली म्हणून वैतागू नका.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कसारा घाट, म्हणजे इंग्रजांचा थळ घाट, १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत पोचला. चढ तोच, ३७ ला १. पण भोर घाटापेक्षा रानवट. पावसाळ्यात ढग डब्यात येतात म्हणतात, ते इथे खरं आहे. माथेरानची गाडी १९०७ ची, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं उभी केलेली. तिचे रूळ फक्त दोन फूट अंतरावर. रूळ जवळ असले की वळण आखूड घेता येतं, म्हणून ती डोंगराला अगदी चिकटून, झाडाच्या फांद्या अंगावर घेत जाते. मोठ्या गाडीला जे वळण अशक्य, ते हिच्यासाठी रोजचं. दूधसागरचं तुम्ही फोटोत पाहिलंच असेल: कॅसलरॉकहून गोव्याकडे उतरणारा मार्ग, आणि धबधब्याच्या अंगावरून गेलेला पूल. तो धबधबा एकदा पावसाळ्यात गाडीतून पाहावा. रुळावरून चालत जाऊन पाहू नये, त्याला बंदी आहे आणि ती योग्य आहे.

कोकण रेल्वेविषयी मात्र माझं मत लोकांना आवडत नाही. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन यांनी जे केलं ते थोरच. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, १९९८ मध्ये पूर्ण. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच, करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर. पण हेच बघा: कोकण रेल्वे नमतं घेत नाही. गाडी वेगात जावी म्हणून ती डोंगर आला की भोसकते, दरी आली की ओलांडते. त्यामुळे खिडकीत दृश्य येतं, आणि नीट पाहीपर्यंत काळोख होतो. नारळ, खाडी, काळोख. भाताचं खाचर, काळोख. अभियंता म्हणून मी तिला पहिला क्रमांक देईन. खिडकीत बसणारा म्हणून नाही देणार.

आता हे 'पाहणं' म्हणजे काय, इकडे येतो. माझा धंदाच तो.

खिडकीतून बघताना जवळचं पळतं आणि लांबचं सोबत चालतं. कुंपण सर्रकन जातं, डोंगर मात्र दहा मिनिटं आपल्याबरोबर असतो. ताशी ४० किलोमीटर वेग धरला तर गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते, तेव्हा रुळाकाठची तेरड्याची फुलंही ओळखता येतात. ताशी २०० ला ती सेकंदाला ५५ मीटर जाते, मग जवळचं सगळं पुसलं जातं आणि उरतो फक्त लांबचा पडदा. रेल्वे नवीन होती तेव्हा इंग्लंडमध्ये रस्किन चिडला होता. तो म्हणाला, हिनं प्रवाशाचं पार्सल करून टाकलं. रस्किनच्या काळातल्या वेगाला आज आपण रखडणं म्हणू! तरी त्याचा मुद्दा हलका नाही. पार्सलला पत्ता असतो, वाट नसते.

दुसरा मुद्दा कांटचा. १७९० च्या ग्रंथात तो 'उदात्त' या अनुभवाचं विश्लेषण करतो, मराठीत रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे आपल्याकडे या चर्चेला भक्कम पाया मिळाला. कांट म्हणतो, कोसळणारे कडे, वादळ, उसळलेला समुद्र यांचा अनुभव उदात्त वाटायचा तर एक अट आहे: आपण स्वतः सुरक्षित जागी असलं पाहिजे. कड्याच्या टोकावर पाय घसरत असताना कुणाला उदात्त वाटत नाही, नुसती भीती वाटते. मला वाटतं, घाटातली रेल्वेची खिडकी ही ती अट हुबेहूब पुरी करते. खाली हजार फूट दरी, बाहेर मुसळधार, आणि तुमच्या हातात चहा.

पण कांटनं एक प्रश्न विचारला नाही. ती सुरक्षित जागा तयार कोण करतं? भोर घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास ४० हजारांहून अधिक माणसं होती. कड्यावरून दोर सोडून, त्याला लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणारी. पटकीच्या साथी आल्या, अपघात झाले, हजारोंनी मेले. त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला. त्याच्या पत्नीनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, कंत्राट स्वतःकडे घेऊन काम तडीला नेलं. तिचं नाव उरलं. तेही असंच फार थोड्यांना माहीत आहे. जी दरी आपण उदात्त म्हणून पाहतो, ती त्या माणसांनी नुसती दरी म्हणूनच पाहिली.

आणि दरीत राहणारे? आमच्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी माणसं भीमाशंकराच्या कड्यावरून शिडी घाटानं नाहीतर गणेश घाटानं खांडसला उतरायची आणि पुढे कर्जत-नेरळची वाट धरायची. आंबेगाव तालुक्याला रेल्वे होती, फक्त ती कड्याखाली होती. डोक्यावर ओझं घेऊन तो कडा उतरणाऱ्याला मी एकदा विचारलं, "देखावा छान आहे ना?" तो म्हणाला, "खाली पोचल्यावर बघू." कांटचं पान त्यानं एका वाक्यात सांगितलं.

मग आपल्याकडे गाडी का नाही? इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट सांगतो. १८४० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेची पहिली आखणी झाली, तेव्हा सह्याद्री चढण्यासाठी भोर आणि थळ हे दोन घाट मनात नव्हते. एकाच घाटानं वर यायचं आणि पठारावर आल्यावर फाटे फोडायचे, असा बेत होता. आणि तो घाट होता माळशेज. हो, आपला माळशेज! तो बेत टिकला असता तर आळेफाट्याला आज रस्त्यांचं जे झालंय ते दीडशे वर्षांपूर्वी रुळांचं झालं असतं, आणि आळेफाटा जंक्शनला मी वडे खाल्ले असते. पण पुढे मुख्य अभियंता जेम्स बर्कले याच्या सर्वेक्षणांनंतर माळशेज मागे पडला आणि दोन दिशांना दोन वेगळे घाट ठरले. माळशेजचे उभे कडे ज्यानं पाहिलेत त्याला फार समजावून सांगायला नको. वर जिन्याचं म्हणालो, तिथे तो जिना सगळ्यांत उभा आहे.

त्याचा परिणाम असा की वरचा मार्ग नाशिककडून गेला, खालचा पुण्याकडून, आणि मधला जुन्नर-आंबेगावचा पट्टा कोरडा राहिला. ज्या गावाची बाजारपेठ घाटवाटेवर उभी होती, त्याच्या दोन्ही अंगांनी गाड्या निघून गेल्या. कल्याण-नगर रेल्वे माळशेजमार्गे व्हावी ही मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

दुसरी संधी अलीकडची. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे. सुमारे २३५ किलोमीटर, वेग ताशी २००, आणि स्थानकांच्या यादीत राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. काही गावांत जमिनीही घेतल्या गेल्या. आणि ही आखणी अडली कशामुळे? या वेळी डोंगर आडवा आला नाही. खोडदची दुर्बीण आडवी आली.

जीएमआरटी आपल्याच तालुक्यात आहे, तरी तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीनं, १६ तीन भुजांवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी जाळी आणि तारांच्या दोरांची हलकी रचना करून त्या स्वस्तात उभ्या केल्या. ती दुर्बीण २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. जागा इथली का? कारण इथे शांतता होती. कानाला ऐकू येते ती शांतता नव्हे, रेडिओलहरींची. भोवतीचे डोंगर शहरांचा गोंगाट अडवतात. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की चंद्रावर एक मोबाइल चालू करून ठेवला तरी तो आकाशातल्या तेजस्वी रेडिओस्रोतांत मोजला जाईल. आता विचार करा. विजेची गाडी, तारेला घासत जाणारा पेंटोग्राफ, त्याच्या ठिणग्या, वर सिग्नलची यंत्रणा, आणि आत शेकडो मोबाइल. ठिणगी पडली की ती एका ठरावीक लहरीवर बोलत नाही, सगळ्या पट्टीवर ओरडते. म्हणून शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, आणि रेल्वे मंत्रालयानं ही आखणी मान्य करता येणार नाही असं सांगितलं. शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूनं जाणारे पर्याय पुढे आले. इकडे मूळ मार्गाचीच मागणी चालू आहे.

माझं मत विचाराल तर सांगतो, इथे बसलेल्या काही जणांना ते रुचणार नाही. दुर्बिणीची हरकत खरी आहे. ती खोडदहून उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या विश्वव्यापी गुंजनाचा पुरावा जगातल्या अनेक गटांनी जाहीर केला, त्यात याच तबकड्यांनी घेतलेली निरीक्षणं होती. पण नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बटाटा-कांदा, जुन्नरची द्राक्षं ट्रकमध्ये खेड-चाकणच्या कोंडीत उभी राहतात, हेही तितकंच खरं. 'विज्ञानासाठी त्याग करा' हे शेतकऱ्याला सांगणं सोपं, कारण सांगणाऱ्याचा माल नासत नाही. नीतिशास्त्रात आम्ही शिकवतो की चांगलं आणि वाईट यांतली निवड अवघड नसते, दोन चांगल्यांतली असते. अशा वेळी हरणाऱ्या बाजूला काय द्यायचं, याची बोलणी आधी व्हायला हवीत. इथे ती झाली नाहीत. मार्ग नारायणगाववरून नसेल तर कुठून, किती अंतरावरून चालेल, डोंगराआडून चालेल का, बोगद्यातून चालेल का, हे रेल्वेचे आणि दुर्बिणीचे लोक नकाशा पसरून गावांसमोर बोलले पाहिजेत. दीडशे वर्षांपूर्वी माळशेज सुटला तेव्हा जुन्नरला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारायला हरकत नसावी.

(व्याख्यानानंतर मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ती २०० च्या वेगाची गाडी झाली असती तर तुमच्या आवडत्या मार्गांत धरली असती का?")

छान विचारलंस. खिडकीसाठी नसती धरली, बाळ. पूल, बोगदा, पूल, आणि नारायणगाव कधी गेलं ते कळलंही नसतं. शिवनेरी लांब असल्यामुळे तेवढा थोडा वेळ सोबत चालला असता. पण तू पुण्यात शिकतेस ना? एस.टी.नं किती वेळ लागतो? ("चाकणवर आहे, सर. कधी अडीच तास, कधी चार.") मग मार्ग देखणा आहे की नाही हे मी ठरवायचं नाही. तू आधी वेळेवर पोच. आणि सुट्टीत एकदा श्रावणात कर्जतहून वर ये, दुपारच्या गाडीनं, दाराशी नको, खिडकीशी बस. ठाकूरवाडी गेलं की फोन खिशात ठेव.